यादीतून काढलेली नोंद

सूड घ्यायला निघायचं तर पोटभर जेवून निघावं, असं तिचं मत होतं. रिकाम्या पोटी माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस चुका करतो. म्हणून त्या सोमवारी सकाळी ती आईच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली आणि ताटातलं सगळं संपवूनच उठली. आज एवढ्या सकाळी कुठे, असं आईने विचारलं. नवीन काम आहे, लिफ्टच्या कंपनीत, असं तिने सांगितलं. आईचा हात मिठाच्या बरणीवर थांबला.

"कोणत्या लिफ्टच्या?"

"त्याच."

आईने बरणी तिरकी करून तिच्या बुडाला चिकटवलेली कागदाची पट्टी पाहिली. कधी आणली, कोणी उघडली, शेवटची कधी भरली, सगळं तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या बारीक, उभट अक्षरात. घरातल्या प्रत्येक बरणीला अशी पट्टी होती. आमच्याकडे मिठालाही वंशावळ आहे, असं आई पूर्वी आल्यागेल्याला हसून सांगायची. अप्पांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्यानंतर मीठ तीनदा भरलं गेलं, आणि तिन्ही तारखा आईने त्यांच्या अक्षराखाली आपल्या गोल अक्षरात लिहिल्या होत्या.

"गेलेल्या माणसासाठी आता काय उकरायचं राहिलंय?" आई म्हणाली.

"उकरत नाहीये. त्यांचं नाव तिथे पडलंय, ते उचलून आणते."

आईने बरणी जागेवर ठेवली. जाताना छत्री ने, एवढंच म्हणाली. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

अप्पांनी बावीस वर्षांपूर्वी त्या कंपनीची देखभालीची प्रणाली बांधली होती. कंपनी लिफ्ट बसवायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांची निगा राखायची. कोणत्या इमारतीत कोणती लिफ्ट, तिचा कोणता भाग कधी बदलला, कारागिराला काय खटकलं, हे सगळं त्या प्रणालीत राहायचं. तेव्हा जो तो माहिती टेबलांत, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवत होता. अप्पांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस निवडला आणि लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. टेबलांत लिफ्ट ठेवायची म्हणजे आधी तिचे तुकडे करायचे, दोर एका टेबलात, मोटर दुसऱ्यात, ब्रेक तिसऱ्यात, आणि हवी तेव्हा क्रमांक जुळवून ती पुन्हा उभी करायची. अप्पा म्हणायचे, हे म्हणजे रात्री घरातली माणसं वयाप्रमाणे वाटून झोपायला पाठवायची, म्हातारे एका घरात, पोरं दुसऱ्या घरात, आणि सकाळी चिठ्ठ्या वाचत कोण कुणाचं ते जुळवत बसायचं.

त्यांच्या डेटाबेसमध्ये लिफ्ट अख्खी राहायची. लिफ्टने मोटरचा हात धरलेला, मोटरने ब्रेकचा, ब्रेकने आपल्या लायनरचा, म्हणजे घासून झिजणाऱ्या अस्तराचा. तिथे वस्तू पुसायची वेगळी आज्ञाच नव्हती. मुळापासून हात धरत धरत जिथवर पोचता येतं, तिथवरच्या वस्तू जिवंत. जिचा हात कुणाच्याच हातात उरला नाही, ती आपोआप झाडून जायची. वस्तू हरवत नाही, हात सुटतो, हे अप्पांचं वाक्य तिने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की बराच काळ तिला ती एखादी जुनी म्हणच वाटायची.

खरं सांगायचं तर तिने स्वतः तो डेटाबेस निवडला नसता. तीही याच धंद्यात होती, आणि अप्पांशी तिचे या विषयावर जेवणं निवून जाईपर्यंत वाद व्हायचे. असल्या डेटाबेसमधून साधा मासिक अहवाल काढायचा म्हटला तरी नव्याने प्रोग्राम लिहावा लागतो. तो जाणणारी माणसं दिवा घेऊन शोधावी लागतात. एखाद्या वस्तूची घडण बदलली की जुन्या हजारो वस्तूंना नव्या साच्यात बसवताना घाम फुटतो. अप्पा हे सगळं मान्य करायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, पण माझ्याकडे ब्रेकला स्वतःचं दुखणं ठाऊक असतं, तुझ्याकडे ते शेजारच्या टेबलाला विचारावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी एका लिफ्टचा ब्रेक सुटला. लिफ्ट म्हटली की लोकांना ती खाली कोसळलेली दिसते. पण रिकामी लिफ्ट वर जाते, कारण पलीकडे बांधलेलं वजन तिच्यापेक्षा भारी असतं. त्या दिवशी कंपनीचा जुना कारागीर तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरत होता. एक पाऊल बाहेर, एक आत. केबिन तशीच वर निघाली. पाय वाचला, पण पाऊल वाचलं नाही.

ह्या कारागिराला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक नट पुन्हा तपासायचा. मास्तरचं म्हणणं असं की त्याने अपघाताच्या चार दिवस आधीच ब्रेकचा इशारा प्रणालीत नोंदवला होता. शनिवारी पडद्यावरच्या इशाऱ्यांच्या यादीत तो दिसला नाही, म्हणजे कुणीतरी लायनर बदललं असणार, असं समजून तो आत शिरला. चौकशी बसली. यादीत इशारा सापडला नाही. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे आताच्या मोठ्या साहेबांनी, लेखी जबानी दिली: हा डेटाबेस विचित्र आहे, यातून नोंदी गहाळ होतात, आम्ही त्याच्या जनकाला वारंवार सावध केलं होतं.

त्याच दुपारी अप्पांचं लॉगिन बंद झालं. नोंद कुठे गेलेली नाही, मला त्या यंत्रासमोर दोन तास बसू द्या, अशी त्यांनी लेखी विनंती केली. ती नाकारली गेली. अप्पा रुग्णालयात मास्तरला भेटायला गेले, तर मास्तरने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर पाच वर्षं अप्पांनी शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त केले, आणि जेवणाच्या टेबलावर जुन्या पावत्यांच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढले. कधीमधी भर जेवणात, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणायचे, दोन तास पुरले असते. मग एका सकाळी हृदयाने साथ सोडली.

आता कंपनीने नवी प्रणाली घ्यायची ठरवली होती. जुन्यातला सगळा माल नव्यात न्यायचं काम तिच्या संस्थेला मिळालं, आणि ते तिने मागून घेतलं. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला काही सुगावा लागायचा प्रश्न नव्हता. अशा वेळी नातं सांगायचं असतं, हे ती जाणत होती. न सांगितल्याबद्दल पुढेमागे नोकरी जाऊ शकते, हेही. तिने त्याची तजवीज मनाशी करून टाकली होती.

मोठे साहेब भेटले ते अगदी प्रेमाने. पांढरे केस मागे वळवलेले, हसणं वडीलधाऱ्याचं. मुली, तू म्हणशील तसं, पण महिनाअखेरीला ते जुनं धूड बंद होऊन भंगारात गेलं पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. कुठलाही अवघड प्रश्न आला की ते टेबलावर बोटांनी ताल धरत आणि म्हणत, "नंतर पाहू." खोलीची गळकी खिडकी, नंतर पाहू. कारागिरांचे हातमोजे, नंतर पाहू. कचेरीतले लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना नंतरसाहेब म्हणत.

तिला जुन्या यंत्राच्या खोलीत जागा दिली होती. अरुंद खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर गोल घड्याळ, आणि कोपऱ्यात पंख्याचा एकसुरी आवाज करणारं ते यंत्र. वायरींचा गुंता झालेला. तिने पहिल्या दिवशी तो सोडवला आणि सवयीने प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी लावली: कुठून कुठे, कोणी लावली, कधी.

चौथ्या दिवशी मास्तर आला. आता तो देखभाल विभागाचा मुख्य होता, डावा बूट जाड तळाचा. त्याने दारातूनच यंत्राकडे पाहिलं.

"हेच ना ते डबडं? याने माझा पाय खाल्ला आणि ढेकरही दिली नाही."

तिने मान वर केली नाही. मास्तर आत आला, वायरींपाशी वाकला, एक पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पाय ओढत निघून गेला.

नोंद तिला नवव्या दिवशी सापडली, दुपारी, चहा यायच्या जरा आधी. अप्पांनी म्हटलं होतं दोन तास. तिला सव्वातास लागला, कारण त्यांनी पावत्यांच्या पाठीवर काढलेले बाण तिच्याजवळ होते. लिफ्टपासून सुरुवात केली. लिफ्टच्या हातात तिच्या बाद झालेल्या भागांची पेटी होती. पेटीत अपघातानंतर काढून टाकलेला जुना ब्रेक होता. आणि ब्रेकने सहा वर्षं एका नोंदीचा हात धरून ठेवला होता.

"ब्रेकचं लायनर दोन मिलिमीटरच्या खाली. केबिन थांबल्यावर वर सरकते. बदलल्याशिवाय वापरू नये." खाली मास्तरचं नाव, मंगळवार, सकाळी अकरा वीस.

अप्पांनी बरण्यांना लावली तशीच पट्टी प्रत्येक वस्तूच्या पोटाशीही ठेवली होती. कोणी हात लावला, कधी, कुठल्या यंत्रावरून. पट्टीवर दुसरी ओळ होती. यादीतून काढली, बुधवार, दुपारी चार पाच, विभागप्रमुखांचं लॉगिन, विभागप्रमुखांच्या खोलीतलं यंत्र. कारण लिहिल्याशिवाय प्रणाली नोंद काढू देत नसे, म्हणून कारणही होतं: "उद्या इमारत ग्राहकाच्या ताब्यात द्यायची आहे. नंतर पाहू."

चहा आला. तिने तो प्यायला. कप खाली ठेवला आणि पट्टी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

साहेबांची चूक तिच्या लगेच लक्षात आली. साहेब टेबलांच्या जगातले. तिथे यादीतली ओळ पुसली की ती गेली, आणि तिच्याबरोबर कारण, तारीख, सगळं गेलं. त्यांनी पडद्यावर ओळ नाहीशी झालेली पाहिली आणि निर्धास्त झाले. यादीने हात सोडला होता. नोंदीचा दुसरा हात ब्रेकच्या हातात होता, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. चौकशीवाल्यांनीही यादीच पाहिली होती. ब्रेकला त्याचं दुखणं विचारायचा पडदा अप्पा पुढच्या खेपेला बनवणार होते.

आता हा कागद छापून सरळ वर देणं सोपं होतं. तिने ते केलं नाही. साहेब म्हणाले असते, विचित्र डेटाबेस आहे, काहीही दाखवतो. सहा वर्षांपूर्वी हेच खपून गेलं होतं. आधी साहेबांच्याच तोंडून डेटाबेसला खरा ठरवायला हवा होता. आणि तिला तशी संधी आयतीच चालून आली, कारण एक मोठी परदेशी कंपनी यांच्याशी भागीदारी करायला तयार होती, पण तिला सगळ्या लिफ्टचा देखभालीचा इतिहास अखंड असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. ते झालं की साहेब कार्यकारी संचालक होणार होते.

ती साहेबांच्या खोलीत गेली. ठरलेली पद्धत पडद्यावरच्या याद्या नेण्याची आहे, तिने सांगितलं. पण अखंड इतिहास म्हणायचं तर मुळापासून जिथवर पोचता येतं ते सगळं न्यावं लागेल. साहेबांनी हात हलवला, सगळं ने, जास्त आहे तेवढं चांगलं. मग तिने प्रमाणपत्राचा मसुदा पुढे सरकवला. त्यात एक वाक्य होतं: जुन्या प्रणालीतून गेल्या बावीस वर्षांत एकही नोंद गहाळ झालेली नाही.

"हे वाक्य ठेवायचं का, सर? कुठे एखादी नोंद गहाळ झाली असेल तर आत्ताच सांगा, मी बदलते."

"छे. एकही नाही."

"मागे काही तक्रार होती, असं कानावर आलं होतं."

"अगं, ते जुनं. एक इंजिनियर होता, त्याच्या हातून काहीतरी घोळ झाला. माणूस हुशार, पण हेकट. डेटाबेसमध्ये काही खोट नव्हती."

"म्हणजे डेटाबेस विश्वासार्ह आहे, असं लिहू?"

"ठणकावून लिही," साहेब म्हणाले, आणि खिशातून पेन काढून सही केली. सही मोठी होती, दोन रेघा खाली.

ती बाहेर आली आणि जिन्यात उभी राहिली. तिला अप्पांसाठी रडू यायला हवं होतं, असं तिला वाटलं. आलं नाही. बुद्धिबळात समोरच्याने आपल्याला हवं तिथेच प्यादं सरकवावं, तसा थंड आनंद झाला होता, आणि तो तिने जपून ठेवला.

संचालक मंडळाची बैठक महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी होती. लांबट टेबल, आठ माणसं, भिंतीवर पडदा. मधोमध अध्यक्षबाई, कागदाच्या प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत वाचणाऱ्या. साहेब त्यांच्या उजवीकडे. मास्तर शेवटच्या खुर्चीवर, पाय टेबलाखाली लांब करून. तिने नवी प्रणाली उघडली, आकडे सांगितले: जुन्यात इतक्या वस्तू, नव्यात तितक्याच, एकीचाही फरक नाही. साहेबांनी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. गहाळ न झाल्याचं वाक्य त्यांनी जरा थांबून, आवाज चढवून वाचलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, एखादी लिफ्ट उघडून दाखवा. कोणतीही.

तिने या क्षणासाठी तीन युक्त्या योजून ठेवल्या होत्या. एकीचीही गरज पडली नाही.

"माझा पाय घेतला ती दाखवा," मास्तर म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता, पडद्याकडे पाहत होता.

साहेब हसले. शुभ कामात ते कशाला, दुसरी एखादी घेऊ, ती नंतर पाहू. अध्यक्षबाईंनी कागदावरून बोट उचललं आणि म्हणाल्या, असू दे, तीच दाखवा.

तिने लिफ्ट उघडली, बाद भागांची पेटी उघडली, ब्रेक उघडला. नव्या प्रणालीत तिने ब्रेकला त्याचं दुखणं विचारायचा पडदा बनवला होता, अप्पांच्या पावतीवरच्या चित्राबरहुकूम. नोंद भिंतीभर पसरली.

मास्तर उठला. पाय ओढत पडद्याजवळ गेला आणि शाळेतल्या मुलासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत आपलंच वाक्य वाचू लागला. बदलल्याशिवाय वापरू नये, इथपर्यंत आला आणि त्याने बोट खाली घेतलं. खालच्या दोन ओळी त्याने वाचल्या नाहीत. त्या सगळ्यांनी आपापल्या मनात वाचल्या.

"माझा पासवर्ड तेव्हा सगळ्या कचेरीला माहीत होता," साहेब म्हणाले.

"आणि 'नंतर पाहू'?" मास्तर वळला. "तेही सगळ्या कचेरीला पाठ होतं, साहेब?"

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. साहेबांनी सूर बदलला. ही नव्या प्रोग्रामची करामत आहे, माल नेताना काहीतरी सरमिसळ झाली, जुन्या यंत्रात असं काही नव्हतं. चौकशी झाली होती, तेव्हा सापडलं नव्हतं.

"तेव्हा यादीत शोधलं होतं," ती म्हणाली. आपला आवाज इतका सपाट येईल, असं तिला वाटलं नव्हतं. "यादीतून काढलं म्हणजे गेलं, असं या डेटाबेसमध्ये होत नाही. वस्तू हरवत नाही, सर, हात सुटतो. इथे ब्रेकने सोडला नव्हता."

अध्यक्षबाईंनी प्रमाणपत्र पुन्हा पुढे ओढलं. मग शेजारच्याला सांगून सहा वर्षांपूर्वीची फाइल मागवली. दहा मिनिटं गेली. फाइल आली. बाईंनी साहेबांची जुनी जबानी काढून नव्या प्रमाणपत्राशेजारी ठेवली आणि दोन्ही सह्यांखालच्या दोन-दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"यांतलं कोणतं खरं धरायचं?" त्यांनी विचारलं. "नोंदी गहाळ होतात हे, की होत नाहीत हे? होत असतील तर आज हे प्रमाणपत्र जाणार नाही. होत नसतील, तर ही नोंद एका माणसाने काढली."

साहेबांच्या कपाळावर घाम होता. मला तपासायला वेळ लागेल, ते म्हणाले. एकदम कसं सांगणार.

"किती वेळ?"

साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. तेव्हा ती बोलली. ही ओळ तिने आधी ठरवलेली नव्हती. घरी तिने मनात कितीतरी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती, त्यांत ही नव्हती.

"जुनं यंत्र अजून चालू आहे, मॅडम. उद्या बंद होणार. सरांचं लॉगिनही चालू आहे. त्यांना तिथे बसून स्वतः शोधू द्यावं. दोन तास पुरतात."

अध्यक्षबाईंनी फाइलची दोन पानं उलटली. एका पानावर थांबल्या. ते पान तिने इथून ओळखलं, कागदाच्या मध्यावर उभट अक्षराच्या चार ओळी आणि कोपऱ्यात आडवं लिहिलेलं "अमान्य".

"दोन तास," बाई म्हणाल्या. "मागेही कुणी एवढेच मागितले होते. चला, आपण सगळेच जाऊ."

त्या अरुंद खोलीत सगळे मावले नाहीत. अध्यक्षबाई एका खुर्चीवर बसल्या, बाकीचे दारात आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये. साहेब यंत्रासमोर बसले. त्यांनी लॉगिन केलं, आणि मग पुढे काय करायचं हे त्यांना कळेना. यादी उघडली. यादीत नोंद नव्हती. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, पाहा, नाही, असं ते म्हणालेही. पण अध्यक्षबाईंनी फक्त घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी स्वतःच यादी बंद केली. मग लिफ्ट उघडली. ती त्यांना अख्खी समोर आली, आपल्या सगळ्या हातांसकट, आणि त्यांतला कोणता धरायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ती प्रणाली त्यांच्या हाताखाली होती, आणि ते कधी यादीच्या आत शिरले नव्हते.

ती भिंतीला टेकून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा जरा अडखळत पुढे सरकायचा. त्याच घड्याळाखाली अप्पा सोळा वर्षं बसले होते.

पॅसेजमधून मास्तर तिच्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "त्या वायरींच्या पट्ट्या पाहिल्या तेव्हाच मी ओळखलं होतं. अक्षर तसंच आहे." मग थोडं थांबून: "ते दवाखान्यात आले होते. मी पाठ केली होती, पोरी."

"हो," ती म्हणाली.

तो आणखी काही ऐकण्यासाठी उभा राहिला. तिने घड्याळावरची नजर काढली नाही. नाही काही, जाऊ द्या मास्तर, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते, आणि ते तिच्याजवळ होतेही. तिने ते दिले नाहीत. मास्तर पाय ओढत परत गेला.

एक तास झाला. कुणीतरी साहेबांना पाणी आणून दिलं. ब्रेक त्यांना तोवर सापडला होता, नोंदही. आता ते ती खोटी ठरवायची वाट शोधत होते. असली काही नोंद ब्रेकला चिकटतेच कशी, असं पुटपुटत त्यांनी नोंदीच्या साच्याचा मूळ प्रोग्राम उघडला. वरच अप्पांचा शेरा होता. त्यांनी तो वाचायला सुरुवात केली, आधी मनात, मग ओठ हलवत.

"वस्तू हरवत नाही, हात सुटतो. यादीने सोडला तरी भागाने धरून ठेवावा, म्हणून ही ओळ. कृपया काढू नये."

साहेबांची बोटं टेबलावर ताल धरायला उचलली गेली आणि तशीच राहिली. पंखा घरघरत होता. त्यांनी शेरा पुन्हा वाचला. मग हळूहळू खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जणू तिथेही कुठेतरी पट्टी लावलेली असेल.

"तुम्ही," ते म्हणाले. इतके दिवस अगंतुगं करणारे साहेब आता तुम्हीवर आले होते. "तुम्ही त्यांच्या कोण?"

तिने घड्याळ पाहिलं. एक तास दहा मिनिटं झाली होती.

"अजून पन्नास मिनिटं आहेत, सर," ती म्हणाली. "शोधा."